ठोसा त्यांचा, खिसा आपला

मराठी घरात जुगाराला विरोध करणारी माणसं पुष्कळ असतात, अभ्यासाला विरोध करणारं मात्र कोणी सापडत नाही. पत्त्यांचा डाव मांडला तर आई ओरडते. पण मुलगा मोबाईलमध्ये मान घालून वहीत आकडे उतरवून घेत असेल, तर तीच आई त्याच्यासमोर चहा आणून ठेवते. मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए, या खेळावरच्या सट्ट्याने नेमकी हीच फट हेरली आहे. या सट्ट्यात उतरणाऱ्या नवशिक्याला जगभर एकच उपदेश केला जातो: अभ्यास करा. दोघा लढवय्यांच्या हातांची लांबी बघा, मागच्या पाच लढती बघा, गडी कुस्तीतून आलाय की बॉक्सिंगमधून ते बघा, डावखुरा आहे का ते बघा, वजन उतरवताना त्याचे गाल किती बसले तेही बघा. वाळूज एमआयडीसीला खेटून असलेल्या बजाजनगरात, मोरे चौकातल्या टपरीवर बसून एखादा तरुण हे सगळं करत असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्याला तो एमपीएससीची तयारी करतोय असंच वाटेल. एमपीएससीत अभ्यास वाया गेला तर वर्ष जातं. इथे अभ्यास फळाला आला असं वाटायला लागलं की पगार जातो.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: या सट्ट्यात ज्याला काहीच कळत नाही तो कमी हरतो आणि ज्याला थोडं कळायला लागतं तो जास्त हरतो. काहीच न कळणारा शंभर रुपये लावतो, हरतो, शिवी हासडतो आणि घरी जातो. थोडं कळणाऱ्याला मात्र हरण्याचं कारणही कळतं, आणि कारण कळलं की माणूस पुन्हा पैसे लावतो. तेव्हा नवशिक्याने शक्यतो नवशिकंच राहावं, हा आमचा सल्ला. तो ऐकायला उलटा वाटतो, म्हणून पुराव्यानिशी मांडतो.

बजाजनगरला हा पुरावा समजावून सांगणं सोपं आहे, कारण हे गाव हिशेबाचं आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांची रांग लागली. मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांतून माणसं इथे आली, भाड्याच्या खोल्यांत राहिली, पाळ्या करू लागली आणि शेतात जे 'अंदाजे' म्हणून चालायचं ते मायक्रॉनमध्ये मोजायला शिकली. हजार नगांत चार नग खराब निघाले तर इथे बैठक बसते, फळ्यावर माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात आणि 'असं का झालं' हा प्रश्न पाच वेळा विचारतात. शंभर रुपयांमागे पाच रुपये दर वेळी कुठे गळतात, हे शोधायला जगात यांच्याइतका लायक माणूस नाही. अडचण एकच: पाळी सुटली की हा माणूस आपलं व्हर्नियर कंपनीतच ठेवून येतो. त्यात अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी सुरू होतात. रात्रपाळी करून आलेल्या, डोळे तारवटलेल्या माणसासमोर पगाराचं वजन आणि पाच लढती एकाच वेळी येतात. बुकीने स्वतः वेळापत्रक आखलं असतं तरी याहून सोयीचं जमलं नसतं.

आधी खेळाचं बघू. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी या एमएमए स्पर्धेचा पहिला मेळा भरला. कराटेवाला, बॉक्सर, सुमो पैलवान असे सगळ्या घराण्यांचे वस्ताद एका जाळीत सोडले आणि जिंकला कोण, तर त्यांच्यात किरकोळ दिसणारा ब्राझीलचा रॉयस ग्रेसी. म्हणजे जाणकारांचे अंदाज चुकण्याची परंपरा या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. पुढे नियम आले, वजनगट आले. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच. हातमोजे मात्र चार औंसांचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमपेक्षाही हलके राहिले. बॉक्सिंगच्या जाड मोज्यातून जो ठोसा नुसता धक्का देऊन जातो, तो इथे माणूस आडवा करतो. २००७ साली जॉर्ज सेंट-पिएर हा अजिंक्य समजला जाणारा विजेता मॅट सेरासमोर उभा राहिला, तेव्हा सेराला विचारणारं कोणी नव्हतं. सेराने त्याला पहिल्याच फेरीत गुंडाळलं. २०२२ साली कमारू उस्मान पाचव्या फेरीपर्यंत गुणांवर पुढे होता आणि लढतीला एक मिनिटही उरलं नव्हतं. तेवढ्यात लिऑन एडवर्ड्सची लाथ डोक्यात बसली आणि किताब गेला. त्या लढतीचा ज्याने महिनाभर अभ्यास केला होता त्याचा अभ्यास चोवीस मिनिटं अगदी बरोबर होता. पैसे पंचविसाव्या मिनिटावर होते.

इथे आपल्याकडचा एक जाणकार हात वर करणार: 'आम्ही आखाड्यातली माणसं. हलगी ऐकून मोठे झालो. कुस्ती कोणाला येते ते आम्हाला पायाच्या ठेवणीवरून कळतं.' हा दावा खोटा नाही. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, हेलसिंकीला १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी पदक आणलं. कुस्ती बघणारा डोळा या मातीत आहेच. पण तो डोळा घेऊन बेन ॲस्क्रेनकडे बघा. बीजिंग ऑलिंपिकला गेलेला हा अमेरिकी पैलवान, एमएमएमध्ये एकही लढत न हरलेला. जुलै २०१९ मध्ये तो होर्हे मास्विदालसमोर आला. घंटा वाजली, मास्विदालने धावत येऊन उडी मारली आणि गुडघा हाणला. पाच सेकंदांत निकाल. आखाड्यातल्या जाणकाराला पायाची ठेवण बघायला तेवढा वेळ तरी हवा होता. मातीतल्या निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत डाव आणि तोड यांचा संवाद चालतो, म्हणून तिथे जाणकाराचं जाणतेपण कामी येतं. या पिंजऱ्यात तो संवाद सुरू होण्याआधीच कोणीतरी फोन ठेवून देतो.

आता भावांकडे येऊ. खरी लढत तिथेच असते. समजा, एका लढतीत आवडत्या गड्याचा भाव १.५० आहे आणि दुसऱ्याचा २.६०. म्हणजे पहिल्यावर शंभर लावले आणि तो जिंकला तर दीडशे हातात, दुसऱ्यावर लावले तर दोनशे साठ. दिसायला रास्त वाटतं. आता शंभराला या भावांनी भागा. पहिला जिंकण्याची शक्यता बुकीच्या मते ६६.७ टक्के, दुसऱ्याची ३८.५ टक्के. बेरीज करा: १०५.२. दोनच माणसं लढणार, त्यांतला एक जिंकणार, मग शंभराच्या वरचे हे पाच टक्के जिंकणारा तिसरा गडी कोण? तो पिंजऱ्यात उतरत नाही, वजन उतरवत नाही, त्याच्या नाकाचं हाड मोडत नाही आणि प्रत्येक लढतीत त्याचाच हात वर होतो. अमेरिकेत भाव लिहिताना आवडत्या गड्याच्या आकड्यापुढे उणे चिन्ह देतात. या सगळ्या धंद्यातली तेवढीच एक प्रामाणिक खूण म्हणायची.

यावर अभ्यासूचं उत्तर तयार असतं: 'आवडता गडी बहुतेक वेळा जिंकतोच की!' जिंकतो, आणि म्हणूनच त्याचा भाव कमी असतो. तुम्ही रात्र जागून जे शोधून काढलं ते भाव ठरवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं, किंबहुना तुमचा अभ्यास त्याने भावात घालून तुम्हालाच परत विकला आहे. कोण जिंकणार हे कळून उपयोग नाही. भावात जे दिसतंय त्यापेक्षा तो किती जास्त वेळा जिंकेल हे कळायला हवं. दोघेही तुल्यबळ असताना भाव साधारण १.९१ असतो. अशा लढतींवर नुसतं बरोबरीत सुटायचं म्हटलं तरी शंभरातल्या बावन्नपेक्षा जास्त अंदाज बरोबर यावे लागतात, तेही सतत. पन्नास बरोबर आणि पन्नास चूक हा परीक्षेत पास होणारा निकाल इथे नापासाचा आहे.

अनुभवी मंडळींना इथे मटका आठवेल, आणि आठवावाच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत आकडा लावत. ते भाव यायचे बंद झाले तेव्हा कल्याणजी भगतने १९६२ मध्ये वरळीला आपला मटका सुरू केला आणि दोन वर्षांनी रतन खत्रीने आपला. गिरणगावातला कामगार ओपन-क्लोज, पाना, जोडी या भाषेत स्वप्न बघू लागला. स्वप्नात साप दिसला तर एक आकडा, मेलेले आजोबा दिसले तर दुसरा. आजोबांनी हयातीत कधी दिला नाही एवढा भाव त्यांना मेल्यावर आला. मटक्याचा हिशेब मात्र उघडा होता: दहा आकड्यांतला एक लावायचा, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे ढोबळमानाने शंभरातले दहा रुपये मटकेवाल्याचे. पंधराव्या वर्षी गिरणीत लागलेल्या माणसालाही हे कळत होतं. आता बजाजनगरातल्या डिप्लोमा झालेल्या तरुणाकडे बघा. एका लढतीने त्याचं समाधान होत नाही. अभ्यास पाच लढतींचा झालेला असतो. मग तो पाचही निकालांची एकच जोड लावतो: पाचही बरोबर आले तर पैसे, एक चुकला तर सगळं गेलं. तुल्यबळ पाच लढती, प्रत्येकी १.९१ भाव, गुणाकार केला की शंभराचे सुमारे अडीच हजार दिसतात आणि डोळे दिपतात. पण पाच लढतींचे निकाल बत्तीस प्रकारे लागू शकतात, म्हणजे खरा भाव बत्तीसपट, शंभराला बत्तीसशे. मधले साडेसहाशे कोणी खाल्ले? शंभरामागे हिशेब केला तर वीस रुपयांवर कटौती होते. थोडक्यात, स्वप्नात साप बघून आकडा लावणारा गिरणी कामगार मटकेवाल्याला दहा टक्के देत होता आणि आकडेवारी बघून जोड लावणारा इंजिनिअर बुकीला वीस टक्के देतो. प्रगती झाली नाही असं कोण म्हणेल?

आमचं मूळ म्हणणं आता पुरतं उघडं पडतं. अडाणी माणूस एक लढत लावतो आणि शंभराला पाच रुपयांनी मार खातो. अभ्यास वाढला की लढती वाढतात, लढती वाढल्या की जोड लांबते, जोड लांबली की कटौती फुगते. शिवाय 'कोण जिंकेल' यावर थांबणं अभ्यासूला कमीपणाचं वाटतं. कोणत्या फेरीत जिंकेल, ठोशाने जिंकेल की गळा आवळून, लढत अडीच फेऱ्यांच्या पुढे जाईल की आत संपेल, अशा पोटपैजांच्या गल्लीबोळांत तो शिरतो, आणि जितकं बारीक गिऱ्हाईक तितका दुकानदाराचा नफा जास्त, हा नियम पिंजऱ्याबाहेरही चालतो. 'पण काही लोक यावर पोट भरतातच ना?' भरतात. मोजके आहेत. परदेशातले कायदेशीर बुकीही अशा सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला ओळखतात आणि त्याने किती पैसे लावायचे याची मर्यादा गुपचूप खाली आणतात. याचा अर्थ नवशिक्याने नीट ध्यानात घ्यावा. तुमचं खातं अजून चालू आहे, तुम्हाला बोनस येतोय, वाढदिवसाला शुभेच्छा येताहेत, ही तुमच्या ज्ञानाबद्दल बुकीने दिलेली लेखी पावती आहे.

अभ्यासाच्या जोडीला देशाभिमान आला की मग विचारायलाच नको. यूएफसीत लढलेला पहिला भारतीय भरत खंडारे. २०१७ मध्ये शांघायला तो साँग याडाँगकडून पहिल्याच फेरीत हरला. मग उत्तराखंडचा अंशुल जुबली आला. २०२३ मध्ये 'रोड टू यूएफसी' ही स्पर्धा जिंकून तो यूएफसीशी करारबद्ध झाला, तोवर एकही लढत हरलेला नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अबुधाबीला त्याची गाठ माइक ब्रीडनशी पडली. ब्रीडन यूएफसीतल्या आपल्या तिन्ही लढती हरलेला. अभ्यास सांगतो जुबली, आकडेवारी सांगते जुबली, तिरंगा सांगतो जुबली. तिसऱ्या फेरीत जुबली चितपट. पुढची लढत फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीला, ती एकोणीस सेकंदांत हरला. जून २०२४ मध्ये पूजा तोमरने मात्र लुइव्हिलला जिंकून यूएफसीतला पहिला भारतीय विजय नोंदवला. तोही तीन पंचांपैकी दोघांच्या मताने. या सगळ्यांचं कौतुक मनापासून करावं, त्यासाठी आधार कार्डाला जोडलेलं बँक खातं लागत नाही. प्रेम आणि पैसा एकाच गड्यावर लावला की तो हरल्यावर दोन्ही जातात, आणि वर बिचाऱ्याला आपण शिव्या घालतो.

पंचांचा विषय निघालाच आहे. लढत पुरी चालली तर तीन पंच प्रत्येक फेरीचे गुण देतात, बहुधा दहा आणि नऊ. कोणाला दहा, यावर तिघांचं एकमत होईलच असं नाही. आपल्याकडे तर पाठ लागली की कुस्ती संपली, इतका स्वच्छ निकष. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत, गादी विभागाच्या लढतीत पाठ लागली की नाही यावरून वाद झाला आणि शिवराज राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. निलंबन झालं, चर्चा महिनाभर चालली. हजारो डोळ्यांसमोर, आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत हे होतं. मग लास वेगासच्या तीन अनोळखी पंचांच्या मनात दुसरी फेरी कोणाची होती, हे बजाजनगरात बसून ओळखण्याचा आत्मविश्वास कुठून येतो? शिवाय काही गोष्टी अभ्यासाच्या पलीकडच्या असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅरिक मिनर हा लढवय्या पायाची दुखापत लपवून पिंजऱ्यात उतरला. लढतीच्या आधीच त्याच्याविरुद्ध पैशांचा लोंढा आला, भाव कोसळले आणि तो ६७ सेकंदांत हरला. चौकशी झाली, त्याच्या प्रशिक्षकावर कारवाई झाली. ज्यांना दुखापत ठाऊक होती त्यांचे पैसे एका बाजूला आणि ज्यांनी हाताची लांबी पाठ केली होती त्यांचे दुसऱ्या बाजूला. आपल्या गावच्या जत्रेत नुरा कुस्ती ओळखणारा म्हातारा असतो. तो निदान त्या पैलवानांच्या चुलत्याला ओळखत असतो.

आता मोठा आक्षेप. 'हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही. घोड्यांच्या शर्यतीला चालतं, मग आम्हालाच का अडवता?' हा युक्तिवाद जुना आणि प्रतिष्ठित आहे. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य आहे असं मान्य केलं. ते खरंच, पण कौशल्य कोणाचं? घोड्याचं, जॉकीचं, फार तर घोडा पारखणाऱ्याचं. एडवर्ड्सच्या लाथेत कौशल्य होतंच, ते एडवर्ड्सचं होतं. खाटेवर पडून ती लाथ बघणाऱ्याच्या पायात ते आपोआप येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने हा वादच निकालात काढला. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत की दोन्हींचे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा ठेवलेली नाही. संसदेने तुमच्या अभ्यासाचा यापेक्षा सभ्य शब्दांत अपमान करणं शक्य नव्हतं: तिने तुम्हाला गुन्हेगार मानलं नाही, बळी मानलं.

या कायद्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, महाराष्ट्राचे तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत विरोधकांनी बाहेर काढली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असं मंत्र्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं खरं धरायला आमची हरकत नाही; उलट ते खरं असेल तर जास्त काळजी वाटते. मंत्र्यालासुद्धा जो पडदा पटकन बंद करता येत नाही, तो पाळीवरून आलेल्या पोराला कसा बंद करता येईल? पुढे त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. यावर टीका करायची सोय या राज्याने ठेवलेली नाही, कारण निर्णयात एक सुसंगती आहे.

'सरकारच १९६९ पासून लॉटरी विकतं' आणि 'शेअर बाजार म्हणजे दुसरं काय' हे दोन आक्षेप उरतात. लॉटरीचं उत्तर सोपं आहे: लॉटरी तुमच्याकडून अभ्यासाची अपेक्षा ठेवत नाही, त्यामुळे तिकीट विकत घेणारा स्वतःला विद्वान समजत नाही, आणि विद्वान न समजणारा माणूस सहसा घर गहाण टाकत नाही. शेअर बाजाराचा आक्षेप तर आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. कारखान्याचा हिस्सा विकत घेऊन दहा वर्षं धरून ठेवणं वेगळं आणि फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये रोज उतरणं वेगळं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, सरासरी तोटा दोन लाखांच्या आसपास. या सगळ्यांनी आलेख बघितले होते, वर्ग लावले होते, वह्या भरल्या होत्या. अभ्यासाने माणूस वाचतो या समजुतीला याहून महागडं उत्तर कोणत्याही देशाने दिलं नसेल.

'शंभर रुपये गमतीखातर लावले तर काय बिघडलं? सिनेमाला नाही का जात?' हा आक्षेप मात्र आम्ही अर्धा मान्य करतो. गंमत ही गरज आहे, आणि बारा तास उभं राहून काम करणाऱ्याला ती कोणी शिकवू नये. पण सिनेमा संपल्यावर तिकिटाचे पैसे वसूल करायला कोणी पुढच्या खेळाचं तिकीट काढत नाही. इथे हरलेले शंभर परत आणायला दोनशे जातात, दोनशेंना चारशे, आणि गमतीचा हप्ता भरायला माणूस महिन्याच्या अखेरीस ठेकेदाराकडे उचल मागायला जातो. चोरवाटेने चालणाऱ्या ॲपवर जिंकलात तरी ते पैसे मिळतीलच याची हमी नाही, कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार मुळात रद्दबातल आहे. हरलेले पैसे बुकी मोबाईलवरून दोन सेकंदांत घेतो. जिंकलेले मागायला तुम्हाला कोणतंही न्यायालय दार उघडत नाही.

अभ्यासाचा शेवटचा दाखला आपल्याच घरातला घ्या. महाभारतात युधिष्ठिर द्यूतात राज्य, भाऊ, बायको सगळं हरला. त्यानंतर वनवासात बृहदश्व ऋषींनी त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवली. धर्मराजासारख्या शहाण्याचाही अभ्यास पूर्ण झाला तो लावायला काही उरलं नाही तेव्हा. अभ्यास आधी केला असता तर तो बहुधा आणखी एक डाव खेळला असता. तेव्हा नवशिक्यांनी लढती जरूर बघाव्यात, पूजा तोमरसाठी टाळ्या वाजवाव्यात, ॲस्क्रेनच्या पाच सेकंदांवर पाच तास वाद घालावा. पैसे लावण्याची फारच खुमखुमी आली तर दोन्ही भावांनी शंभराला भागून बेरीज करावी. ती शंभराच्या आत आली तर खुशाल लावावेत. शंभराच्या आत बेरीज येऊ देणारा बुकी फार दिवस बुकी राहत नाही, आणि जो राहिला आहे त्याचं पोट वरच्या पाच रुपयांवर चालतं. ते पाच रुपये तुमच्या पगारातले आहेत.